तिसरी थर्झा

लॉरेन पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मुलगी झाली तर थर्झाच ठेवणार, तुमच्या पणजीचं नाव. काय चिवट बाई! नव्वदी गाठली तिनं." मी नुसतं "छान" म्हणालो. त्या नावामागचं जे सापडलंय, ते तुला सांगितलं नाही.

घराण्याचा माग काढायला मला तूच बसवलंस, रिटायर माणसाला उद्योग म्हणून. आपल्या पूर्वजांच्या लाँगटन गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदींत थर्झाचा बाप्तिस्मा तीनदा सापडला. पाद्री प्यायलेला असणार, म्हणून मी हसलो. मग दफनाच्या नोंदी बघितल्या. पहिली थर्झा पाळण्यातच गेली. तिचं नाव दुसरीला दिलं, तीही गेली. माझी पणजी ती तिसरी.

त्यांची आई हेस्टर. चिनी मातीच्या कारखान्यात कप शिशाच्या रोगणात बुडवायची. हात विषात आणि पोटात पोर. तरी दरवेळी तेच नाव! मला रागच आला. काय बाई आहे, म्हटलं, गेलेल्या पोरीचं झबलं पुढचीला घालावं तसं नाव चढवते.

गेल्या वर्षी तुझी मुलगी जन्मताच गेली. तिचं नाव काय ठरवलं होतंस, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आज भांडी घासताना तुझी आई बोलून गेली, "अहो, तेव्हाही तिनं थर्झाच ठरवलं होतं."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही; आधीच्या त्या दोघींचं तुला आत्ता कळायला नको. तू तेच नाव ठेव, पोरी. पहिली हाक मी मारीन. आवाज कापला, तर म्हाताऱ्याला सर्दी झालीय म्हण.

तुझा बाप