कंसातले आवाज

सोमवार, ३ मार्च

आज मला चोर ठरवण्यात आलं. अडुसष्टाव्या वर्षी, घरबसल्या.

डोंगळ्याचा निरोप आला. डोंगळा हे त्याचं साइटवरचं नाव. खरा धंदा दातांचा — दिवसभर लोकांच्या दाढा काढतो आणि उरलेल्या वेळात आमची सबटायटलची साइट सांभाळतो. "ताई, फिल्म कंपनीची तक्रार आली. तुमच्या सगळ्या फाइली उतरवाव्या लागल्या." सगळ्या!

सिनेमा आम्ही कुणाला देत नाही. सिनेमा ज्याचा त्याने आणावा. आम्ही लिहितो फक्त चित्राखालच्या ओळी — कोण काय बोललं, आणि चौकटी कंसात कसला आवाज झाला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, फुकट. कंपनी स्वतः या ओळी लिहीत नाही. बहिरे प्रेक्षक तिच्या हिशेबातच नाहीत. मात्र दुसऱ्याने लिहिल्या की ती चोरी. आपण खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, यालाच कॉपीराइट म्हणतात वाटतं.

मी कोर्टात स्टेनो होते. जन्मभर चोरांचे जबाब उतरवून घेतले. आता त्यांच्या रांगेत उभी.

धाकटीला सांगितलं. माझी बहीण. सहा वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. बाहेर हातांनी बोलते, घरात तोंडाने. माझं बोलणं ओठांवरून वाचते. तिने सगळं नीट वाचून घेतलं आणि एकच विचारलं, "मग शनिवारचं काय?"

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी सिनेमा बघतो. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून एक शनिवार चुकलेला नाही.

मंगळवार, ४ मार्च

कंपनीचा धीर एवढा कसा वाढला ते कळलं. नवं विधेयक येतंय. तक्रार आली की एका दिवसात साइट बंद — चौकशी नाही, खुलासा नाही. आणि सिनेमातले संवाद परवानगीशिवाय कुठल्याही रूपात लिहून काढणं हा गुन्हा. पूर्ण मसुदा वाचला. वाक्यरचना इतकी वाईट की आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरनी लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.

डोंगळा म्हणाला, "ताई, आपण कोण? मुंग्या." म्हटलं, तू तर नावानेच डोंगळा आहेस, चाव की.

शनिवार, ८ मार्च

माझ्या कॉम्प्युटरवर जुनी फाइल होती, तीच लावली. चहा, दोन खुर्च्या, पायांवर एकच शाल. धाकटी आयुष्यभर फोटो स्टुडिओत चेहऱ्यांवरचे डाग खोडायची, त्यामुळे नट कसा आहे हे तिला पहिल्या मिनिटात कळतं. "हा रडत नाहीये, याचं नाक गळतंय."

मध्येच तिने मला कोपराने ढोसलं. "तो वळून का बघतोय?"

"कोण?"

"नवरा. बोलता बोलता टेबलाकडे वळला. तू काही लिहिलं नाहीस."

मागे नेऊन पाहिलं. टेबलावर फोन. वाजत नव्हता. म्हटलं, नटाला काम जमत नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग शेंगदाणे सोलत बसली.

डोंगळ्याला कळवलं, तर तो म्हणतो वाजतोय. म्हटलं, दिवसभर कानाशी ड्रिल फिरवून तुझ्या कानात घंटा वाजतात.

मंगळवार, ११ मार्च

विधेयकाविरुद्ध गुरुवारी मोर्चा काढतोय, हे मुलाला कळलं. त्याचा फोन. "आई, या वयात मोर्चा?" म्हटलं, तरुणपणी तुला वाढवत होते, वेळ नव्हता. मग म्हणतो, "बरं, पण ओरडू नकोस गं फोनवर." मी ओरडत नाही. स्पष्ट बोलते. कॉन्व्हेंटमध्ये तेवढं एक शिकवलं — पुटपुटणं हा आळस आणि कुजबुजणं हे पाप. त्या स्पष्ट बोलण्यावरच धाकटी माझ्या बाकावर बसून शाळा शिकली. हल्लीची माणसं मात्र तोंडात लाडू ठेवल्यासारखी बोलतात. सिनेमातली तर विचारूच नये.

गुरुवार, १३ मार्च

मोर्चा झाला. पाय दुखताहेत आणि मी अतिशय खूश आहे.

कल्पना धाकटीची. बहिऱ्यांच्या संघाचे शंभरेक लोक आणि आम्ही साइटवाले. प्रत्येकाच्या हातात एक पाटी, पाटीवर सबटायटलसारखी एकच ओळ. [घोषणा]. [संतप्त कुजबूज]. [जमाव पुढे सरकतो]. धाकटीची पाटी — [म्हातारी दात-ओठ खाते]. तिच्याशेजारी डोंगळा [टाळ्यांचा कडकडाट] घेऊन. आणि आवाज शून्य. विधिमंडळासमोरच्या रस्त्यावर एवढी माणसं आणि पायांचा तेवढा आवाज.

पोलीस हवालदार बिचारा गोंधळला. "बाई, घोषणा कधी देणार?"

मी पाटी दाखवली. "दिली की."

"परवानगी शांततापूर्ण मोर्चाची आहे हां."

"याहून शांत तुम्हाला कुठे मिळाला तर आम्हाला कळवा."

तो हसला आणि मग आपल्याला हसायची परवानगी आहे का हे आठवत उभा राहिला. त्याची मावशी ऐकू न येणारी आहे म्हणे. जाताना त्याने साइटचं नाव लिहून घेतलं. आमच्या फाइली सध्या उतरवल्यात म्हटल्यावर तोही चिडला. एक माणूस वाढला.

शनिवार, १५ मार्च

पेपरात फोटो. धाकटीची पाटी मधोमध, माझं अर्धं डोकं. ती म्हणाली, "तुझी चांगली बाजू आली आहे."

डोंगळ्याशी भांडण. तपासायला दिलेल्या माझ्या एका फाइलीत त्याने परस्पर [दूर एक पाखरू] घातलंय. नदीकाठी दोघं बसलेली आहेत एवढ्यावरून. मी तीनदा ऐकलं, नदीचा आवाज सोडला तर काही नाही. खोडून टाकलं. दंतवैद्याला कवी व्हायचं असेल तर त्याने दाढांवर व्हावं.

गुरुवार, २० मार्च

आज विधेयकावर विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होती. सगळं लिहून ठेवते, कारण सरकारी इतिवृत्तात यातलं काही येणार नाही.

मोठं दालन, मागे लोकांसाठी बाकं. बाकांवर आमची बहिरी मंडळी. खुणांनी सांगणारी बाई फक्त बहिऱ्यांच्या संघाच्या दहा मिनिटांपुरती बोलावलेली. बाकी वेळ काय चाललंय ते त्यांना कळायचं कारण नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनाच कळू नये, अशी व्यवस्था.

याचा मला अंदाज होता. मी लॅपटॉप उघडला. डोंगळ्याने पिशवीतून छोटा प्रोजेक्टर काढला आणि बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला. मी टाइप करायला लागले. जे बोललं जाईल ते भिंतीवर.

कारकून धावत आला. "बाई, कामकाजाचे हक्क सभागृहाकडे असतात. लेखी परवानगीशिवाय —"

तेही मी टाइप केलं. [कारकून वाकून कुजबुजतो] — कामकाजाचे हक्क सभागृहाकडे असतात. मागची बाकं हसली. बहिऱ्यांचं हसू मोकळं असतं, आवाजाची लाज नसते त्याला. समितीच्या अध्यक्षबाईंनी दचकून मान वर केली, भिंत पाहिली. त्या क्षणी भिंतीवर होतं — [अध्यक्ष पेन्सिल आपटतात]. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "राहू द्या ते."

मग कंपनीचा वकील उठला. मी चष्मा पुसला. हा आमचाच! तरुण होता तेव्हा आमच्या कोर्टात यायचा. बुद्धी चांगली, पण दर तिसऱ्या शब्दाला 'अं'. मी वीस वर्षं त्याचे 'अं' गाळले, अर्धवट वाक्यं पुरी केली, कर्ता-क्रियापद जुळवून दिलं. कोर्टात हसू, खोकला, उसासा काही लिहायचं नसतं. शपथेवरचे शब्द तेवढे ठेवायचे. बाकी सगळं मी जन्मभर गिळलं.

आज गिळलं नाही. "अं — लेखक आणि — अं — निर्माता यांच्या — अं — घामाच्या मालकीचा हा प्रश्न आहे." जसंच्या तसं भिंतीवर. त्याने वळून पाहिलं. आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे. "बाई — तुम्ही?"

तेही टाइप केलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, या बाई आत्ता जे करताहेत, बोललेलं लिहून काढून ऐकू न येणाऱ्यांना दाखवणं, तेच त्यांनी सिनेमाचं केलं तर या कलमाखाली गुन्हा होतो. बरोबर?"

"अं —"

मी लिहिलं [शांतता]. ते कमी वाटलं. खोडून लिहिलं [लांबलेली शांतता]. सगळं दालन ते वाचत बसलं. मग त्याने "तांत्रिकदृष्ट्या —" असं काहीतरी सुरू केलं आणि मध्येच बसला.

बाहेर व्हरांड्यात तो माझी वाट पाहत होता. राग नव्हता. "बाई, माझी जुनी भाषणं अजून काढून वाचतो. तेव्हा किती सुरेख बोलायचो."

म्हटलं, "ती माझी होती."

तो हसला. "मग आजवर दावा का लावला नाहीत?"

"वापरा तुम्ही. माझं काय कमी होतं?"

मला फार बरं वाटलं. जे आत सांगायला भाषण लिहून आणलं होतं, ते व्हरांड्यात दोन वाक्यांत झालं.

शुक्रवार, २१ मार्च

धाकटी सकाळी विचारते, "काल वकील मध्येच का बसला?"

"बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून."

"नाही. आधी सगळ्यांनी अध्यक्षबाईंच्या टेबलाकडे पाहिलं. मग तो बसला."

डोंगळ्याला विचारलं. म्हणाला, वेळ संपल्याची घंटी वाजली होती, तुम्ही लिहायची राहिलीत. आणि वर म्हणतो, "ताई, एकदा कान दाखवून या ना." म्हटलं, तू तोंडात बघत जा, कानापर्यंत येऊ नकोस. मला काय चार हात आहेत? एवढ्या गर्दीत एक घंटी सुटली तर सुटली.

धाकटीने मान हलवली आणि चहाचे कप उचलून नेले. तिचं असं कप उचलणं मला मुळीच आवडत नाही.

बुधवार, २ एप्रिल

काल कलम बदललं!! साइट आता एकदम बंद करता येणार नाही; आधी कळवायचं, उत्तर ऐकायचं. आणि 'श्रवणदोष असलेल्या व्यक्तींच्या वापरासाठी, विनामोबदला' लिहिलेल्या ओळींना मुभा. सगळं काही मिळालं नाही. गाण्यांचं, भाषांतरांचं घोडं अजून अडलंय, त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा पाट्या. पण आमच्या फाइली काल दुपारीच परत वर. मुलाने फोन केला. "आई, तुझं नाव बातम्यांत!" दोनदा सांगितलं त्याने. पहिल्यांदा मला वाटलं, चहा पिऊन झाला का असं विचारतोय.

संध्याकाळी हवालदाराचा साइटवर निरोप — 'मावशीने रात्री दीडपर्यंत जागून तीन सिनेमे पाहिले. आता ती मला कामाला जाऊ देत नाही, गोष्टी सांगत बसते.'

शनिवार, ५ एप्रिल

छान दिवस. नवा सिनेमा, नवी शाल, धाकटीने केलेला गोड शिरा. नटाबद्दल ती म्हणाली, "हा बरा आहे, याचे डाग खरे आहेत."

डोंगळ्याशी पैज लावली आहे. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जाते, कान ठणठणीत निघाले की त्याने साइटवर जाहीर माफी मागायची, आणि ती पाखरं, घंटा, फोन सगळं मागे घ्यायचं. तो म्हणाला, "आनंदाने, ताई." आवाज हळू होता त्याचा. मला आवडला नाही.

शनिवार, १२ एप्रिल

बारीक आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाले. घंटी, फोन, पाखरं. बाकीचे सावकाश जातील. दोन दिवस कुणाला बोलले नाही. आज धाकटीला सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "दोन वर्षं झाली, ताई. तू माझ्या ओठांकडे बघून उत्तरं देतेस."

संध्याकाळी नदीवाला सिनेमा लावला. मी खोडलेली ओळ डोंगळ्याने परत घातली आहे. [दूर एक पाखरू]. धाकटीने विचारलं, "कसं असतं गं?" मी आठवून आठवून सांगितलं. मग ती पुढची ओळ येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता खुणा शिक. उद्यापासून. मी कडक मास्तरीण आहे."