चार तास कमी

मंगळवार, संध्याकाळ

घरी आल्या आल्या वही उघडली. रागानंच.

गाडीच्या दाराच्या चौकटीला लागणारे अ‍ॅल्युमिनियमचे भाग सकाळी तपासले, तर मऊ निघाले. भट्टीवरच्या रशीदचाचांना विचारलं. "ताई, साहेबांनी चार तासांतच काढाय लावलं. ट्रक थांबलाय म्हणं."

आठच्या जागी चार. तापवून पाण्यात बुडवलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊच असतं. मग आठ तास मंद आचेवर ठेवलं की आत बारीक कण धरतात, त्यांनीच त्याला ताकद येते. हे मॅनेजरना मी शिकवायचं?

"दिसायला सारखंच हाय न्हवं? रजिस्टरात आठ लिव्हा," म्हणाले. मी म्हटलं, परत भट्टीत घालू, राहिलेले चार तास देऊ, माल वाचेल. तर म्हणे, बाईमाणसानं इतकं ताणू नये. त्या दाराआड कुणाची तरी पोरं बसणार, आणि मी ताणू नये?

मी नुसतीच बोलत राहिले. चाचांनी मात्र सगळा माल परत भट्टीत ढकलला आणि दार लावलं.

"उद्यापासनं येऊ नगा," मॅनेजर चाचांना म्हणाले.

"बरं. पन चार तास हितंच बसतो."

चाचा बसले. दुपारनंतर मी पुन्हा तपासलं, माल कडक भरला. मॅनेजरनी त्यावर स्वतःची सही ठोकून ट्रक सोडला. चाचांबद्दल एक शब्द नाही. आणि मी तरी काय बोलले?

उद्या सकाळी उचगावला चाचांच्या घरी जाऊन त्यांना माझ्या गाडीवर घेऊन येणार. कारखान्याच्या फाटकात त्यांना अडवलं तर मीही आत जाणार नाही.