चिमणीच्या दाताचं बिस्किट

प्रिय उंदीरबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू चक्रावली असशील. रोज फोन करणाऱ्या दादाला आज पत्राचं काय खूळ सुचलं, असं म्हणशील. कारण आहे, सांगतो. पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला नवीन नाही. बाबा म्हणायचेच, याला शेजारच्या घरी पाठवलं तर हा गावाला वळसा घालून जाईल.

बेकरी तशीच आहे. भट्टी जाऊन ओव्हन आला, काउंटरची काच बदलली, पण मागच्या अंगणातली दगडी पायरी तीच, जिच्यावर आपटून तू पुढचा दात पाडून घेतला होतास. सकाळी पहिला ट्रे बाहेर निघाला की वास अजूनही जिन्याने वर चढतो, आणि मला अजूनही वाटतं की तू डोळे चोळत खाली येशील आणि तोंड धुवायच्या आधी विचारशील, आज किती मोडली? अख्खं बिस्किट गिऱ्हाइकाचं, मोडकं आपलं, हा बाबांचा कायदा. ट्रे उचलताना माझे हात मुद्दाम थरथरायचे ते त्याच कायद्यापायी. बाबांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? हा धंद्यात आला तर सगळा माल पोटातच जाईल, असं म्हणायचे. शेवटी माझ्याच गळ्यात बेकरी मारून गेले.

त्या मोडक्यांचीही तू वाटणी करायचीस. फ्रॉकचं टोक बिस्किटावर धरायचं, वरून कचकन दात लावायचा, की झाले दोन तुकडे. मध्ये कापड असलं की उष्टं होत नाही, चिमणीच्या दाताने तोडलेलं असतं. मोठा तुकडा मात्र दर वेळी तुझ्याकडे कसा जायचा हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. मी कुरकुर केली की म्हणायचीस, चिमणीला मोजता येत नाही. तुला उंदीर हे नाव बाबांनी ठेवलं ते काही उगाच नाही.

म्हणून सुट्टीत तुझी ठमी यायची म्हटल्यावर मी मोडक्यांचा डबा आठवडाभर आधीच भरून ठेवला होता. गेल्या वर्षी याच डब्यात तिने कोपरापर्यंत हात घातला होता. तू फोनवर म्हणालीस, पोरगी आता शहाणी झाली, खाण्यापिण्याचा हट्ट राहिला नाही, स्वतःच्या हातातलं दुसऱ्याला देते. अगदी तसंच दिसलं. आल्या दिवशी एप्रन बांधून काउंटरवर उभी राहिली. आलेल्या प्रत्येकाला चव बघायला तुकडा द्यायची, ओव्हनवाल्या काकांना चहाबरोबर केक न्यायची, तुझ्या वहिनीच्या ताटात वाढायची ते पुरे पुरे म्हणेपर्यंत. मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलो, भाची कोणाची आहे! अकरा वर्षांची पोर, पण आधी दुसऱ्याला, मग स्वतःला. तुझी वहिनी एवढंच म्हणाली, "ते 'मग' कधी येतं, पाहिलंत का?"

मी हसण्यावारी नेलं. पण एकदा डोक्यात किडा शिरला की शिरला. मी बघायला लागलो. जेवायला बसली की ठमी भाकरीचे नखाएवढे तुकडे करायची, ताटभर फिरवायची, आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ताट विस्कटलेलं दिसायचं, रिकामं नाही. सकाळी विचारलं तर वरती मामीकडे खाल्लं म्हणायची, वरती विचारलं तर खाली मामाकडे. ओव्हनशेजारी आम्ही घामाने निथळत होतो आणि ही स्वेटर घालून बसायची. हात धरला तर गार. कुठल्या पावात किती लोणी, किती साखर, हे माझ्या कारागिरांपेक्षा तिला जास्त पाठ. मला वाटलं, बेकरीला वारस मिळाला! आणि काउंटरच्या काचेत ती माल बघत नव्हती गं, स्वतःला बघत होती. पोट आत ओढून, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

मग चिमण्यांनी चहाडी केली. मागच्या पायरीवर त्यांचा बाजारच भरायला लागला. मी तुझ्या वहिनीला म्हणालोसुद्धा, आपल्या चिमण्या हल्ली चांगलंच बाळसं धरताहेत. एका सकाळी पिठाचं पोतं घ्यायला मागे गेलो तर ठमी पायरीवर बसलेली. मांडीवर तिची न्याहारी, आणि ती पावाचा चुरा करून एकेक चिमूट अंगणात टाकत होती. इतकं मन लावून, की मी पोतं घेऊन उभा आहे याचा पत्ता नाही.

मी ओरडलो नाही. तोंडाशी आलं होतं, अन्न वाया घालवतेस म्हणून. पण तिचं काडीएवढं मनगट दिसलं आणि शब्द गिळले. शेजारी बसलो. खिशात एक मोडकं बिस्किट होतं, ते पुढे करून म्हटलं, अर्धं दे, चिमणीच्या दाताने. तिने एप्रनचं टोक धरलं आणि तोडलं, हुबेहूब तुझ्यासारखं. मोठा तुकडा मला दिला. दुसरा हातात धरून बसून राहिली. मी वाट बघितली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तुकडा काही तोंडाकडे जाईना. मग खाली बघतच म्हणाली, "मामा, मी दुसऱ्याला दिलं की सगळे शाबासकी देतात. खाल्लं की कोणीच देत नाही."

उंदरे, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढे थोडं थोडं बोलली. शाळेत कुणीतरी तिच्या मांड्यांना हसलं होतं, कपडे बदलताना. मग तिने एक पाव सोडला, आणि घरी कोणीतरी म्हटलं, किती समजूतदार झाली. तू म्हणालीस की आणखी कुणी, त्याचा हिशेब नको करत बसूस. तुझं चुकलं म्हणून हे लिहीत नाही. मी तर रोज चार गिऱ्हाइकांसमोर तिची आरती ओवाळत होतो.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, हे नखरे नाहीत, आजाराची सुरुवात असू शकते, आणि सुरुवातीला धरलं तर पोर लवकर सावरते. वाढत्या वयात वाट बघत बसायचं नसतं. तेव्हा या आठवड्यातच तिला दाखव. जबरदस्तीने भरवू नकोस, वजनाची चर्चा नको, पण ताटावर तिला एकटीला सोडू नकोस.

आता पत्र का, ते. मी ठमीला सांगितलं, "आईपासून हे लपवणार नाही. कसं सांगायचं ते मात्र तू ठरव." तिने विचार करून सांगितलं, "फोन नको. फोनवर आई आधी रडेल आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागेल. तू लिही, मी आधी वाचेन, आणि मीच आईच्या हातात देईन." तिने वाचलंय. 'काहीच खात नाही' असं मी लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं. म्हणाली, थोडं खाते. म्हणजे आत्ता तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्यासमोर उभी आहे, तुझ्या तोंडाकडे बघत. रडायचं असेल तर नंतर रड. पाकिटात अर्धं बिस्किट आहे, चिमणीच्या दाताचं. दुसरा तुकडा तिच्या खिशात आहे, आईबरोबर खाईन म्हणते. नाहीच जमलं तर रागावू नकोस. तू तिला जवळ घेऊन बस आणि तुझा खा. आणि तिने मोठा तुकडा तुझ्यासाठी ठेवला म्हणून तेवढी तिला शाबासकी देऊ नकोस.

तुझाच,
दादा