सचिवपदाची चढाई

२ मे १९९९, रविवार
काल हिंगोली जिल्हा झाला. परभणीपासून सुटलो. लोक असे फटाके वाजवून राहिले होते, जणू जिल्हा नाही, पोरगं झालं. मी शांत बसून विचार केला. जिल्हा नवा म्हणजे कलेक्टर नवा, एसपी नवा, कबड्डी संघटनाही नवी. तिला सचिव लागणार. कबड्डीचा इतिहास आणि नियम या शहरात कुणाला तोंडपाठ आहेत? सोनाजी सरांना. म्हणजे मला. विषय संपला.

कापडवाला मुजफ्फर सेठही उभा राहणार म्हणतात. पात्रता काय, तर परभणीच्या संघातून बरीच वर्षं खेळला. खेळणं वेगळं, कळणं वेगळं. बैल आयुष्यभर नांगर ओढतो, म्हणून त्याला कुणी कृषी अधिकारी करत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून व्यायाम. सचिव दिसायला सचिव वाटला पाहिजे.

३ मे
आठला उठलो. लाइट नव्हती, पंखा बंद, झोप नाही. यात माझा दोष शून्य.

ग्यानबाचं दूध पातळ होतं. बोललो त्याला. वीस वर्षं रोज बोलतो. कुणीतरी बोललंच पाहिजे.

९ मे, रविवार
रामलीला मैदानावर लिंबाखाली खेळाडूंना व्याख्यान दिलं. विषय: कबड्डी, काल आणि आज. पूर्वी प्रकार तीन. संजीवनीत बाद झालेला गडी परत जिवंत होतो, गामिनीत बाद तो बादच, अमरमध्ये बाद झाला तरी मैदानातच राहतो, नुसता गुण मोजतात. तिथून थेट बर्लिन, १९३६. मग बीजिंग, १९९०, सुवर्णपदक. मग मैदानाची मापं. तिथपर्यंत चौघे जागे होते. एकानं शंका विचारली. मला भरून आलं. शंका अशी की, नाश्ता आत्ता आहे का नंतर.

मुजफ्फर शेवटी आला, प्रत्येकाला एक-एक हाफ चड्डी वाटून गेला. टाळ्या त्याला. बर्लिनची किंमत एका चड्डीएवढीही नाही या जिल्ह्यात.

१४ मे
इंग्लंडात वर्ल्ड कप सुरू. मेहुणा धम्मदीप शिरड शहापूरहून बॅग घेऊन हजर. त्याच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली म्हणे. दर चार वर्षांनी जाते.

क्रिकेट हा खेळ नाही, सरकारी नोकरी आहे. अकरा जण हजर, काम दोघं करतात, मध्ये जेवणाची सुट्टी. धम्मदीपनं मला एलबीडब्ल्यू समजावलं. बॉल स्टंपाला लागला नाही, पण पाय नसता तर लागला असता, म्हणून आऊट. मी म्हणालो, आमच्या कबड्डीत असं जर-तर नाही. हात लागला तर लागला, रेषेबाहेर गेला तर गेला. तो म्हणाला, दाजी, जरा बाजूला सरका, दिसून नाही राहिलं.

व्यायाम: सोमवारपासून.

१६ मे, रविवार
संघटनेची बैठक. मी जरा सविस्तर बोललो. अध्यक्ष मध्ये चहा पिऊन आले, तरी मी १९५० पर्यंतच पोचलो होतो. मग मुजफ्फर उठला. तो आधी हसतो, मग बोलतो. मला हे अजिबात आवडत नाही. म्हणाला, सरांची मालूमात बराबर आहे, पण कबड्डी काय तोंडानं खेळतात?

मी म्हणालो, तोंडानंच खेळतात. दम हाच पहिला नियम. मध्यरेषा ओलांडायच्या आत कबड्डी-कबड्डी सुरू करायचं, ते परत येईपर्यंत एका श्वासात चालू ठेवायचं. मध्ये दुसरा शब्द आला की चढाई करणारा बाद. जगात असा दुसरा खेळ दाखवा.

माझ्याच बोलण्यानं मला स्फुरण चढलं. मी सांगून टाकलं, हट्टा गावच्या संघाचे सात जण उभे करा. मी चढाई करतो. त्यांच्या हद्दीत आत आखलेली निदान रेषा ओलांडून जिवंत परत आलो तर सचिव मी. नाही आलो तर मुजफ्फर सेठ.

मुजफ्फरनं लगेच हात पुढे केला. ‘मंजूर.’ अध्यक्षांनी तीस तारीख लिहूनही घेतली. इतक्या घाईनं या माणसांनी आजवर एकही काम केलेलं नाही.

घरी बायकोला, चांगुणाला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटतच राहिली. मग एवढंच म्हणाली की, शेचाळीसावं वरीस चालू आहे तुमाला.

१९ मे
दमाचा सराव सुरू. न्हाणीघरात, म्हणजे आवाज घुमतो. उत्तम चाललं होतं. तेवढ्यात बाहेर धम्मदीप कुणाला तरी सांगत होता की, कबड्डीत अकरा गडी असतात. आतूनच ओरडावं लागलं, सात, राखीव पाच. दम तुटला, पण हा हिशेबात धरत नाही.

२१ मे
आज अंगणात. दम झकास. ग्यानबा आला. दुधाला निळी झाक. बोलावं लागलं. धरत नाही.

२४ मे
गच्चीवर सराव. मुद्दाम एकांत. खालून रिक्षावाला लाउडस्पीकरवर ओरडत गेला, हिंगोली जिल्ह्याचा पहिला भव्य सेल. पहिला कसा? मागच्या आठवड्यात एक होऊन गेला. वरून सांगितलं त्याला. ऐकलं नाही मेल्यानं. दम मात्र गेला.

चांगुणा कपडे वाळत घालायला आली होती. म्हणाली, ‘अहो, दुसऱ्याचं चुकलं की तुमचं तोंड उघडतंच. मधात कोणी चुकलं तर काय करसाल?’

बाईमाणसाला खेळातलं कळत नाही. तिथे कोण चुकणार? शंकरसिंग जमादार पंच आहेत. पोलिसातून रिटायर झालेला माणूस. त्याची नजर म्हणजे नजर.

२९ मे
तयारी पूर्ण. उठाबशा उद्या सकाळी एकदम करीन. चड्डी मुजफ्फरच्या दुकानातली घेणार नव्हतो, पण बाकी दुकानांत माझ्या मापाची नव्हती. सेठनं स्वतः माप घेतलं. हसला.

सचिव झाल्यावरचं भाषण लिहून ठेवलं. नऊ पानं. बर्लिनचा भाग थोडा वाढवला.

३० मे, रविवार
नोंद शांतपणे आणि खरी-खरी करतो.

मैदानावर गर्दी. वर्ल्ड कप सोडून लोक आले, यातच सगळं आलं. धम्मदीपसुद्धा आला. शंकरसिंगांनी शिट्टी दिली. मी दम घेतला, मध्यरेषा ओलांडली.

हट्ट्याचे सात जण नुसते उभे. कुणी पकडायला येईना. मागाहून कळलं, मुजफ्फरनं त्यांना सांगून ठेवलं होतं, सरांना हात लावायचा नाही, वयाचा माणूस आहे, काही झालं तर आपल्याला तकलीफ. म्हणजे दयेवर. हे तेव्हा कळलं असतं तर तेव्हाच बोललो असतो.

निदान रेषा ओलांडली. स्वच्छ ओलांडली, दोन्ही पाय. दम कायम. काम झालं होतं. आता फक्त परत यायचं. मी मागे सरकू लागलो. मध्यरेषा हातभर राहिली. मुजफ्फरचं हसू गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि तेव्हाच दिसलं. हट्ट्याचा कोपऱ्यातला गडी, पेमा, मागच्या अंतिम रेषेबाहेर उभा. टाच पूर्ण बाहेर, मातीत. आरामात, लग्नात उभं राहावं तसा. आणि शंकरसिंग, पोलिसातली नजर, गर्दीत कुणाला तरी हात करत होते.

मी तसाच आलो असतो. पाऊलही उचललं होतं. पण टाच बाहेर होती.

‘पंच, पेमाचा पाय बाहेर!’

शिट्टी झाली. शंकरसिंगांनी जाऊन रेषा पाहिली. टाचेचा ठसा पाहिला. माझी हरकत शंभर टक्के बराबर ठरली. पेमा बाद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, दम तुटला, सरही बाद.

मी लगेच मान्य केलं. नियम तोच आहे. त्यांना नसता आठवला तर मीच सांगितला असता.

मुजफ्फर सचिव झाला. भाषण त्यानं दोन वाक्यांत आटोपलं. त्यात एक चूक होती. सांगितली.

घरी चांगुणानं काय झालं विचारलं. पेमा बाद झाला म्हणालो. अन् तुमी, असं तिनं विचारलं नाही. जेवायला वाढलं.

३१ मे, सोमवार
सकाळी सात. संकल्प: आजपासून मौन. कुणाचं काहीही चुको, एक शब्द बोलायचा नाही.

सव्वासात. ग्यानबा येऊन गेला. दूध पातळ होतं.