दोनशे माणसांची खीर, दोघांसाठी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू खुशाल असशीलच. दोनशे पोरींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक वीस वर्षं रेटून जिचा केस वाकडा झाला नाही, तिला आता काय धाड भरणार!

इकडचं सांगतो. हिच्या पायाचं प्लॅस्टर निघालं. हाड जुळलंय, चाला, असं डॉक्टर म्हणतात. पुन्हा पडले तर, असं म्हणून ही भिंतीकडे तोंड करून झोपते. जेवण चिमणीएवढं; खानावळीचा डबा नुसता उघडला तरी नाक मुरडते. आता चालली नाही तर पाय कायमचा आखडेल, हे डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं. म्हणून ठरवलंय, घरचं गरम करून घालायचं. अंगात ताकद आली तर उठेल तरी. सोपी एक भाजी आणि सोपं एक गोड कळव. मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला एक भाजी काय जड आहे?

तुझा धाकटा, ज्याचे कान तू अजून सोडले नाहीस.

ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगोबास,
अ. उ. आ.

अक्षर तुझंच आहे ना, ते दोनदा पाहिलं. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलास, पण घरात चहाचा डबा कुठे असतो ते काही दिसलं नाही. उशिरा का होईना, उजाडलं म्हणायचं!

भाजी लाल भोपळ्याची. दहा थोराड भोपळे चिरायचे, तेल तापवून मोहरी तडतडू द्यायची, फोडी टाकून मीठ, तिखट, गूळ घालायचा आणि झाकण ठेवून पाऊण तास मंद आचेवर शिजवायचं. गोड म्हणशील तर गाजराची खीर. पन्नास लिटर दूध, पंधरा किलो किसलेली गाजरं, सहा किलो साखर, दीड तास आटवायचं. मला मापं दोनशे ताटांचीच येतात. तू दोघांसाठी करणार, तेव्हा सगळं शंभराने भाग. भागाकार तरी शिकला होतास ना?

भावजयीला म्हणावं, भिंगोबाच्या हातचं खायची वेळ आली याबद्दल माझी सहानुभूती आहे. कसं झालं ते पत्राने कळव, आळस करू नकोस.

तुझी ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाजीने माझी शोभा केली. सगळं भाग म्हणालीस, भागलं. मीठ दुकानातल्या बारक्या तराजूवर तोललं, मोहरी चिमट्याने एकेक टाकली. पाऊण तासाला शंभराने भागून सत्तावीस सेकंद आले. हातात घड्याळ धरून सत्ताविसाव्या सेकंदाला गॅस बंद केला. एका सेकंदाची चूक नाही. तरी हिने फोड चावली तर तिच्या जबड्याचा आवाज मला ऐकू आला! ताट सरकवलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

काल डॉक्टर येऊन गेले. हा महिना गेला की पाय गेला, म्हणाले. ताई, थट्टा पुरे. कुठे चुकलं तेवढं सांग. मला फार भीती वाटते गं.

धाकटा

ता. १८ फेब्रुवारी

चि. भिंगोबास,
अ. उ. आ.

अरे अकलेच्या खंदका, जिन्नस भागायचे, वेळ भागायची नाही! भोपळा शिजायला नुसतं घड्याळ पुरत नाही, थोडं डोकंही लागतं. आता खीर कर, आणि वेळ मी लिहिली तेवढीच ठेव.

हसतेय त्यावर जाऊ नकोस. तिच्या पायाची मलाही काळजी लागून राहिलीय. लगेच कळव.

ताई

ता. २३ फेब्रुवारी

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

यावेळी पत्र माझं आहे, आणि ते मी ओट्याशी खुर्ची ओढून लिहितेय. आधी हे वाक्य पुन्हा वाचा, मग पुढचं.

तुमच्या आज्ञेप्रमाणे यांनी अर्धा लिटर दूध दीड तास आटवलं. पन्नास लिटरची वेळ, एक मिनिट कमी नाही. असा आज्ञाधारक भाऊ घडवल्याबद्दल तुमचे आभार मानावे तेवढे थोडे! दूध खाली लागल्याचा वास मला पाऊण तासातच आला होता. मी पडल्यापडल्या ओरडले, तर यांनी आतून सांगितलं की अजून निम्मी वेळ बाकी आहे, ताईने बजावलंय. शेवटी करपल्याचा धूर खोलीत आला आणि भांडं घासल्याचा आवाज सुरू झाला. मग तोही थांबला. नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत राहिलं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही, कांदा चिरतोय.

वन्सं, खिरीत कांदा घालायला तुम्हीसुद्धा सांगितलं नसतं.

मग माझ्याच्याने पडून राहवेना. पायाची भीती वाटली नाही असं नाही, पण ते आत एकटे रडत होते. भिंत धरून गेले. मला दारात उभी पाहून यांच्या हातातलं भांडं पडलं, आणि आम्ही दोघं तिथेच खाली बसून खूप रडलो.

आता रोज चालते, ओट्यापर्यंत आणि परत. लोभ भरपूर करावा, पाककृती मात्र तुमच्याकडेच असू द्याव्यात.

तुमची भावजय