पाचरी काढायचा दिवस

प्रिय आंसो,

तुला आणि माहोला आशीर्वाद. अक्षर वाकडं आलंय म्हणून ताई म्हातारी झाली असं समजू नकोस, घाईत लिहितेय. बाकी घरी ठीक. डुकराचं मांस खारवून झालं, तुझ्या भाचीचे, पेरोनचे, पुढचे दोन दात पडले, आणि तुझे दाजी जेवायला बसले तरी वाडग्याकडे न बघता आढ्याकडे बघतात.

आमच्या चर्चचं छत पुरं झालं. खांबांतून निघालेल्या दगडी फासळ्या वर जाऊन एकमेकींना भेटतात. खाली उभं राहिलं की पालथ्या होडीत शिरल्यासारखं वाटतं. पण ते अजून स्वतःच्या बळावर उभं नाही, लाकडी सांगाड्याने तोललंय. उद्या त्याच्या पाचरी ठोकून काढणार, म्हणजे सांगाडा सुटेल आणि छत एकटं उरेल. त्या वेळी मुख्य गवंड्याने छताखाली उभं राहायचं, ही रीत तुला काय सांगायची, तूही गवंडीच.

दगडांच्या सांध्यांत चुना भरला तेव्हा थंडी तोंडावर आली होती. तुझे दाजी म्हणाले, गवत-शेण टाकून झाका, वसंतापर्यंत हात लावू नका. मठाधिपतींना ऐन थंडीतल्या मेणबत्त्यांच्या सणाची पूजा याच छताखाली हवी. त्यांनी चारचौघांत विचारलं, "काय रे गोतिए, स्वतःच्या कामावर तुझाच भरवसा नाही?" झालं. आमचे हे पडले मानी. "आहे," म्हणून बसले. परवा त्यांच्या कमरेच्या पिशवीत छताच्या सांध्यातल्या चुन्याचा खडा सापडला. दाबला तर ओल्या पिठासारखा मोडला. चुनाभट्टीवर वाढलेली मी, मला कळायचं ते कळलं. आणि त्यांनी तो जपून ठेवला, म्हणजे त्यांनाही कळलंय. विचारलं तर म्हणाले, "शब्द दिलाय. तू सूप वाढ."

आंसो, मला फार भीती वाटते रे. मचाणावरून फळी पडली तरी मी दाराकडे धावते. शेजारच्या गावात छत कोसळलं तेव्हा गवंड्याच्या बायकोच्या हाती नुसते जोडे दिले होते. ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. मी रडले, भांडले, अबोला धरला. मठाधिपतींकडेही गेले. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करायचं कबूल केलं.

म्हणून उद्या मीही जाऊन ह्यांच्या शेजारी उभी राहणार आहे. त्यांना सांगितलेलं नाही. स्वतःचं डोकं ते पणाला लावतील, माझं लावणार नाहीत, "थांबा" म्हणतील, असं मला वाटतं. वाटतं एवढंच, त्यांच्या हट्टापुढे मी आजवर कधी जिंकलेली नाही. हे पत्र आणणाऱ्या मीठवाल्याच्या गाडीत पेरोन आहे. मामाकडे चार दिवस राहायला चाललेय, एवढंच तिला ठाऊक आहे. तिला न्यायला आमच्यापैकी कोणी आलं नाही, तर लगेच काही सांगू नका. झोपताना तिला कुणाचा तरी हात धरायला लागतो.

तुझीच,
एर्सांताई