भास्करच्या चक्कीवर अकोल्याची ज्वारी

रवि., ४ जाने.
आज चक्कीवर नवलच. रांगेत माझ्यापुढे एक टकला माणूस, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट. पिशवीत गहू नाही, ज्वारी नाही. दुकानातलं पिठाचं पाकीट! तयार पीठ, दळायला! म्हटलं, "भाऊ, हे तं दळलेलंच आहे ना." बिचारा लालेलाल झाला. भास्करनं एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "राहू द्या मावशी. दोनदा दळलं तं बारीक होते." आणि खरंच ओतलं चक्कीत. दांडक्यानं वरचा पत्रा ठोकला नेहमीसारखा, पीठ काढलं, देऊन टाकलं.
हसला नाही. हेच मनात राहिलं. मी एकदा दमट ज्वारी नेली होती तर महिनाभर "या, नळावरची मावशी आली" म्हणत होता हा. गिऱ्हाइकाची फिरकी न घेता सोडणारा नव्हे.
टकला पीठ घेऊन बसस्टँडकडे गेला. आपल्या गल्लीतला नाही. कोण?

मंगळ., ६ जाने.
रविवारचे लोक आठवून पाहिले. आखूड केसांची एक पोट्टी येते, डबा नवाकोरा. एकाच्या गाडीचा नंबर अकोल्याचा. आपण डबा ठेवून भाजीला जातो, हे मात्र मशीनपाशीच उभे. डोक्यावर, भुवयांवर पीठ बसलं तरी हलत नाहीत. आपसात बोलत नाहीत. शाळेच्या निकालाला आल्यासारखे चेहरे.
सूनबाई म्हणते, तुम्हाला काय करायचं आहे. काही नाही करायचं. माहीत मात्र पाहिजे.

रवि., ११ जाने.
धरलं टकल्याला. आज ज्वारी आणली होती शहाण्यानं. पीठ घेऊन निघाला तशी मागोमाग गेले, गिलावड्याच्या गाडीपाशी गाठला, दोन प्लेट वडे सांगितले. "काहो, तुमच्या गावातल्या चक्क्या बंद पडल्या का?"
नाव किशोर, अकोल्याचा. आधी आढेवेढे. मग इकडेतिकडे पाहून फोनची वायर माझ्या कानात घातली.
अगं माय! गिटार केकाटून राहिली, कोणी घमेलं बडवून राहिला, आणि वरून एक माणूस वांग्यावर ओरडतो आहे, की बोलत काहून नाही तू, मी कधीचा विचारतो. वांग्याला! हसता हसता मिरची नाकात गेली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हसू गेलं. हा आवाज तर मला रोज म्हणतो, मावशी, पुढे सरका.
किशोरनं सांगितलं ते असं. अकोल्याचे चार पोट्टे, तीसेक वर्षं झाली. बँडचं नाव ढेकळं. भर मे महिन्यात घोंगडी पांघरून स्टेजवर. भास्कर गायचा आणि घमेलं वाजवायचा. कॅसेट एकच निघाली. शेवटच्या कार्यक्रमात वांग्याचं गाणं अर्ध्यावर असताना यानं दांडकं समोरच्यांच्या हातात दिलं, "बाकीचं तुमी वाजवा" म्हणाला आणि घरी गेला. पुन्हा गायलाच नाही.
हे रविवारचे लोक मात्र अजून त्याचेच चाहते. नियम एकच. चक्कीवर जायचं, दळून घ्यायचं, गाण्याचं नाव काढायचं नाही. मागे एकानं काढलं तर आठ दिवस शटर खाली.
"मंग येता काहून?"
"ठोका ऐकाले." आणि प्लेटवर बोटांनी वाजवून दाखवलं. माझा गिलावडा हातातच राहिला. चक्कीच्या पत्र्यावरचा ठोका! घमेल्याचाच! इतकी वर्षं मी तिथे उभी, मला वाटायचं दाणे अडकतात म्हणून ठोकतो.

बुध., १४ जाने. संक्रांत.
तिळगूळ घेऊन गेले. आडून विचारलं, "तुले गाणं-बिणं आवडते का रे?"
"या मशीनपुढे कोणाचं गाणं चालते मावशी."
मग आपण होऊनच बोलला. चक्की विकतो आहे. छातीत पीठ बसलं म्हणतात डॉक्टर. महिनाअखेर पोराकडे, नागपूरला. "कोणाले सांगू नका. उगाच लोक येतात."
"कोण लोक?"
"गिऱ्हाईक. अखीन कोण?"
तिळगूळ तोंडात, नजर पट्ट्यावर. माहीत आहे याला? की नाही? चेहरा पिठानं पांढरा, काय वाचावं त्यावर.

गुरु., १५ जाने.
सांगू नका म्हणाला. पण एखाद्या रविवारी तो टकला अकोल्याहून ज्वारी घेऊन यावा आणि शटरवर दुसऱ्याचं नाव... नाही पाहवणार. किशोरला फोन केला, नंबर त्यानं त्या दिवशीच दिला होता. त्यानं आधी तारीख विचारली. मग म्हणाला, "रविवारी येतो."

रवि., १८ जाने.
दोघं घरी आले. किशोर आणि ती आखूड केसांची, मोनाली. धामणगावची, दवाखान्यात नर्स आहे. तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या. खाणं कमी, भांडण जास्त.
किशोर : "एकदा. एवढंच म्हणतो का दादा, आमी हाओत. त्यायले माहीतच नसन इतके जण हाओत म्हणून."
मोनाली : "त्यायनंच सोडलं ना गाणं? तुमच्या जिवाले बरं वाटाले त्यायले कायले तरास?"
"तू जन्मली तरी होती का तवा?"
"कॅसेट माह्या मायची हाय, काका. पाळण्यात ऐकली म्या."
मग दोघं माझ्याकडे. मावशी, तुम्हीच बोला, तुमचं ऐकते थो. मी म्हटलं, मी पीठ आणाले जातो बाप्पा, निरोप पोचवाले नाही.
ते गेल्यावर मात्र चुटपुट. एवढी माणसं आपल्यावर जीव लावून आहेत हे न कळताच माणूस गाव सोडून जाईल? आणि कळलेलं असेल, तरी गप्पच हवं असेल तर? वांग्यासारखं झालं हे. विचारावं तरी कसं.
किशोर जाता जाता मानला होता. नियम तो नियम. पुढच्या रविवारी फक्त सगळे येणार.

रवि., २५ जाने.
रांग कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. डबे, पिशव्या, एक तर सेमाडोहहून मका घेऊन. कोणी चकार शब्द नाही. भास्करनं बाहेर डोकावून पाहिलं, "आज काय गावजेवण आहे का?" म्हणाला आणि एकेकाचं घेत गेला.
माझा नंबर आला. ज्वारी ओतली, दांडकं घेतलं. ठोका सुरू. आता मला कळतो ना तो. मान हलायला लागली माझी. वांग्याचं गाणं जिथे अर्धं होतं तिथवर आला, आणि थांबला.
मशीन चालूच.
भास्करनं दांडकं माझ्या हातात दिलं. "मावशी, बाकीचं तुमी वाजवा. मी च्या पिऊन येतो."
गेला पण.
मला काय येतं? मी आपलं पोळपाट ठोकावं तसं ठोकलं. मागून मोनालीनं डब्यावर धरला ठोका. मग किशोरनं. मग मेडिकलपर्यंत सगळे डबे. तोंडं मिटलेली, डोळे वाहतात, डबे वाजतात.
भास्कर टपरीवर, आमच्याकडे पाठ. वळला नाही. पाय हलतो का पाहायला मी मान उंच केली, पण पिठाच्या धुराळ्यात दिसेना.
आला. "कप धुतो का नाही रे" असं टपरीवाल्याला म्हणत आला. "चला, पुढचं कोणाचं?"

रवि., १ फेब्रु.
गडबडीत दांडकं माझ्या पिशवीतच आलं. आठवडाभर मागायला आला नाही. मीही नेलं नाही. तेवढीच एक गोष्ट त्याची अडकलेली.
आता खिडकीतून पाहते तर शटर अर्धं वर. आत भास्कर की चक्की घेणारा, पायच दिसतात, ओळखू येत नाहीत. आणि बसस्टँडकडून किशोर येतो आहे. हातात पुन्हा पिठाचं पाकीट.
चपला घालते. दांडकं घेतलं. विचारलं भास्करनं दांडक्याचं, तर सांगीन की बाकीचं...